घशातलं अक्षर

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि त्या वर्षी मला माझ्याच वयाच्या एका माणसाचा असा काही राग आला की दाराबाहेर काढून ठेवलेल्या त्याच्या चपलाही डोळ्यांत खुपायच्या.

तो समोरच्या फ्लॅटमधला. वसईचा ख्रिश्चन, दुबईत हॉटेलच्या रिसेप्शनला उभं राहून रिटायर झालेला. माझ्यासारखाच मुलाच्या व्हिसावर इथे अबुधाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीत येऊन राहिलेला. माणूस वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं.

मी चौथी पास. पण शारजात, रोल्ला भागात, एसी दुरुस्त करत चौतीस वर्षं काढली आणि अरबी शिकलो ती शिडीवर उभा राहून. पुस्तक नाही, मास्तर नाही. अरबाब, म्हणजे आमचा मालक, खालून ओरडायचा आणि मी वरून उत्तर द्यायचो, "हादा मकीना खलास! बुक्रा जदीद!" हे मशीन संपलं, उद्या नवीन. गावी गेलो की लोक म्हणायचे, अरबी बोलून दाखवा. मी दाखवायचो. अख्ख्या घरात अरबी येणारा मी एकटा. मुलगा इंजिनियर झाला, पण कुठल्या ऑफिसात कुणी अरबीत बोललं की मागे वळून "बाबा" म्हणायचा. त्या हाकेसाठी मी मुद्दाम त्याच्याबरोबर जायचो.

नात तिसरीत गेली. शाळेत अरबी सक्तीची. दर गुरुवारी धडा मोठ्याने वाचायचा, मोबाईलवर रेकॉर्ड करायचा आणि बाईंना पाठवायचा. पहिले दोन महिने ती माझ्या शेजारी बसून वाचायची. मला ती अक्षरं वाचता येत नाहीत. पण ती बोलायची आणि मी उच्चार सुधारायचो. मग बाईंचा आवाजी मेसेज आला. सुनेने तो ऐकला, माझ्याकडे बघितलं आणि मोबाईल कानाला लावून आत गेली. पुढच्या गुरुवारी नात समोरच्या घरात.

"बाबा, त्या अंकलना जरा प्रॉपर येतं," सून म्हणाली. "तुम्हालाही आराम."

"मी कुठे दमलोय?"

दोन्ही घरांची दारं उघडी असायची. मी माझी खुर्ची दाराकडे सरकवली, म्हटलं वारा येतो. पॅसेजमध्ये कसला वारा! तिकडचं सगळं ऐकू यायचं. अरबीत ऐन म्हणून एक अक्षर आहे. ते जिभेवर येतच नाही, घशाच्या तळातून काढावं लागतं, कुणी हलकेच नरडं दाबल्यासारखं. मी ते जन्मभर साधं 'अ' म्हणून उरकलं होतं. तो तिला सांगायचा, "बाय, घाई नको. गळ्यावर बोट ठेव. हललं पाहिजे." आणि एके दिवशी तिचा तो आवाज निघाला. स्वच्छ. तिकडे टाळ्या.

या पोरीला ळ येत नाही. केळ्याला केला म्हणते, काळ्याला काला. चार वर्षं मी तिच्यासमोर जीभ उलटी करून दाखवतोय, तर "आजोबा, इट्स द सेम थिंग" म्हणून पळते. आणि त्याच्यासाठी पार घसा ताणला!

मी वाईटसाईट बोलायला लागलो. "हॉटेलातली अरबी ती. वेलकम सर, थँक्यू सरची." शेवटी नातीलाच विचारलं, "त्यांची अरबी चांगली की माझी?"

"अंकल्स," तिने पुस्तकातून मान वर न करता सांगितलं.

तीन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. आठ वर्षांच्या पोरीशी.

मग एका दुपारी तिला बसवरून घेऊन येत होतो. लिफ्टपाशी तो वसईवाला आणि बिल्डिंगचा मालक, एक म्हातारा अरब, बोलत उभे होते. भराभर, हसत. मला त्यातलं काही म्हणजे काही कळलं नाही. असली लांब वाक्यं माझ्याशी कुणी बोललंच नव्हतं. मग मीही छाती काढून पुढे झालो आणि आमच्या घरातला एसी गळतोय ते सांगितलं, "अरबाब, मकीना मुश्किल. माय वाजिद." मशीन बिघडलंय, पाणी फार.

म्हातारा माझ्याकडे वळला. चेहरा मायाळू झाला, आवाज चढला आणि भाषेचे तुकडे झाले. "सदीक! माफी मुश्किल. बुक्रा नफर इजी. खलास." मित्रा, काळजी नको, उद्या माणूस येईल.

हा आवाज माझ्या ओळखीचा होता. शिडीखालून माझा अरबाब अगदी असाच बोलायचा.

लिफ्टमध्ये नात म्हणाली, "आजोबा, व्हाय वॉज ही टॉकिंग टू यू लाइक अ बेबी?"

वसईवाला आमच्याबरोबरच होता. हसला असता तर तिथेच भांडलो असतो. पण तो पटकन म्हणाला, "अगं बाय, म्हातारी माणसं आम्ही. ऐकू येत नाही म्हणून तसं बोलतात." मला सांभाळून घेतलं त्याने. त्याचाच जास्त राग आला.

संध्याकाळभर गॅलरीत बसलो. चौतीस वर्षं अरबाब माझ्यासाठी भाषा चुरून देत होता, पोराला भात कालवून द्यावा तशी, आणि मी समजत होतो अरबी म्हणतात ती हीच. खरी भाषा तो घरी बोलत असेल, बायकोशी, नातवंडांशी. ती मला कुणी दिली नाही. मीही कधी मागितली नाही. आणि आता माझ्या नातीला ती माझ्या दारासमोर मिळत होती, देणारा दुसराच होता. आणखी दोन वर्षांनी ती एकटीच वाचेल. मग तिला तोही लागणार नाही आणि मीही नाही. ही दोन वर्षं मला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची बस गेल्यावर मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि समोरची बेल दाबली.

"या दादा, या. चहा टाकू?"

"चहा नको. ते घशातलं अक्षर दाखवा. पोर शाळेतून यायच्या आत. आणि तिला सांगायचं नाही."

त्याने काही विचारलं नाही. खुर्ची ओढली, समोर बसला. "डॉक्टरला घसा दाखवता तसं तोंड उघडा. आता काढा आवाज."

मी काढला.

"नाही दादा, नाकातून आला."

"नाकातून नाही आला," मी म्हटलं, आणि पुन्हा काढला.