फिरकीचा तांब्या

"नलू, एक घोट... एकच." सुमनबाईंनी माझ्याकडे मागितलेली ही शेवटची गोष्ट. विद्यानगरला त्यांच्या मुलाच्या, श्रीकांतच्या नव्या फ्लॅटमध्ये मी त्यांच्या उशाशी बसले होते. दोन्ही किडन्या गेलेल्या, डायलिसिस चालू, पाणी मापानं मिळायचं आणि त्या दिवसाचं माप संपलं होतं. मी ओल्या कापसाचा बोळा त्यांच्या ओठांवरून फिरवला, तर तो त्यांनी चोखला... मला किळस आली. त्यांची नव्हे हो! पलंगासमोरच बाथरूमचं दार उघडं होतं. आत गुलाबी टाइल्स, पांढराशुभ्र कमोड, फ्लशचं चकचकीत बटण, दाराला भक्कम कडी. एवढ्या एका गोष्टीवाचून ही बाई जन्मभर तहानलेली राहिली, आणि ती समोर आली तेव्हा पाणीच बंद झालं. त्याच आठवड्यात बाई गेल्याचा श्रीकांतचा फोन आला. आता दीड महिना होत आला, पण माझा संताप काही उतरत नाही.

हैदराबादच्या एका मराठी शाळेत आम्ही दोघी शिकवायचो. त्या गणित, मी भूगोल. मी रुजू झाले तेव्हा त्यांचे केस पिकायला लागले होते. पहिल्याच दिवशी मी मैदानाच्या टोकाला बायकांच्या संडासात डोकावले आणि तोंडावर पदर दाबून उलट पावली पळत आले. पत्र्याच्या दाराला कडी नाही, भांडं फुटलेलं, घोट्यापर्यंत काळं पाणी, त्यात वळवळणारे किडे, आणि भिंतीपलीकडे मुलांची मुतारी. आमची आया रझियाबी दारात झाडू घेऊन उभी होती. म्हणाली, "नक्को जाओ मास्तरनी. उधर कोई नै जाता." मग जातात कुठं? "घरकू जाते," ती म्हणाली, जणू त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

सुमनबाईंनी यावर आपला तोडगा काढला होता. सकाळी अर्धा कप चहा, त्यानंतर संध्याकाळी घरी पोचेपर्यंत थेंब नाही. पण टेबलावर बेगम बाजारातून घेतलेला पितळी फिरकीचा तांब्या मात्र रोज भरलेला असायचा. एखाद्या मुलीला चक्कर आली तर तिला पाजायचा, एरवी फिरकी उघडायची नाही. संध्याकाळी तो तसाच घरी जायचा आणि दारातल्या जाईच्या मुळाशी रिकामा व्हायचा. त्या गल्लीत तशी जाई कुणाची नव्हती. येणारी-जाणारी माणसं कौतुक करायची आणि बाई नुसत्या हसायच्या.

माझं तोंड पहिल्यापासून फाटकं. स्टाफ मीटिंगमध्ये मी संडासाचा विषय काढला की पुरुष मंडळी छताचे पंखे बघायला लागायची आणि सुमनबाई टेबलाखालून माझा हात दाबायच्या. बाहेर आल्यावर म्हणायच्या, "असल्या गोष्टी चारचौघांत बोलतात का गं? शी!" त्यांची ही 'शी' मला अजून ऐकू येते. लघवीला आग होते हे त्यांनी नवऱ्याला सांगितलं नाही, डॉक्टरला तर नाहीच. मला सांगितलं तेही रिक्षात, तोंड दुसरीकडे फिरवून.

मग नवे दिवस आले. बाजारात बाटलीबंद पाणी आलं, घरोघरी केबल आली, माजी विद्यार्थी परदेशातून देणग्या धाडायला लागले. कमिटीनं काय केलं असेल? संगमरवरी कमान! त्यानंतर कॉम्प्युटरची खोली... तिला एसी, पडदे, आणि कॉम्प्युटरला धूळ लागू नये म्हणून चपला बाहेर. हेडमास्तरांच्या खोलीला लागून टाइल्सचा संडासही झाला, पाहुण्यांसाठी. त्याची किल्ली त्यांच्या ड्रॉवरमध्ये. आमच्या पत्र्याच्या दाराला कडी काही आली नाही. थुंकावंसं वाटायचं त्या कमानीवर.

त्याच सुमारास बाईंची लघवी गडद झाली, अगदी कोऱ्या चहासारखी. सुनेच्या ध्यानात आलं आणि घरानं ठरवून टाकलं की कावीळच. जावेनं उसाचा रस पाजला, कुणी गळ्यात काविळीची माळ घातली, कुणी चुन्याच्या पाण्यानं हात धुवून घेतले. शेवटी श्रीकांतनं आबिड्सच्या नव्या लॅबला फोन केला. आता खरी गंमत. नमुन्याची बाटली बाई घरात ठेवीनात! कंपाउंडच्या भिंतीवर, रणरणत्या उन्हात ती दुपारपर्यंत राहिली. लॅबचा माणूस वैतागला. "धूप में यूरोबिलिनोजेन खराब हो जाता अम्मा, ताजा देव." मेल्याहून मेल्यासारखं होऊन बाईंनी दुसरी बाटली दिली, वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळून.

कॉम्प्युटरवर छापलेला रिपोर्ट आला. युरोबिलिनोजेन नॉर्मल, म्हणजे कावीळ नाही! घरात पेढे वाटले. त्या शब्दाचा उच्चार धड कुणाला येत नव्हता, पण सगळे तोच घोकत होते. डॉक्टरीणबाईंकडे मी सोबत गेले होते. त्यांनी शांतपणे समजावलं, की रक्तातल्या जुन्या तांबड्या पेशी मोडतात, त्यांच्यापासून पित्ताचा रंग होतो, आतड्यात त्याचंच युरोबिलिनोजेन बनतं आणि त्यातलं थोडंसं लघवीवाटे जातं. थोडं असणं चांगलंच. वाढलं तर लिव्हरकडे नाहीतर रक्ताकडे बघायचं. "किडनी का हाल इससे नहीं समझता," त्या म्हणाल्या, आणि रिपोर्टातल्या प्रोटीनवर आणि पसवर बोट ठेवलं. "रंग गाढा है क्यों कि पानी नहीं है. अम्मा, दिन में पानी कितना पीते? पेशाब रोकते क्या?" बाईंनी मान खाली घातली. मी तोंड उघडलं तर त्यांनी माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. श्रीकांतच बोलला, "पीती है, डॉक्टर. रोज लोटा भरके ले जाती." कावीळ नाही म्हणून माणसं हसत घरी गेली. नंतर खडे झाले, ताप येत राहिले, सूज आली. बाकीच्या तपासण्या झाल्या तेव्हा किडन्यांत फारसं काही उरलं नव्हतं.

शाळेत शोकसभा झाली. कमिटीच्या अध्यक्षांनी गहिवरून जाहीर केलं, की बाईंच्या स्मरणार्थ थंड पाण्याचा कूलर बसवणार. पाण्याचा! माझ्या डोक्यात सणक गेली. मी उभी राहिले. "कूलर नको. संडास बांधा. कडी, नळ, दिवा. आणि वर बाईंचं नाव लावा." सभेत 'शी शी' अशी कुजबुज पसरली. श्रीकांतचा चेहरा उतरला. "काकू... आईचं नाव संडासावर?"

"हौ," मी म्हणाले. "त्याच्यावरच."

परवा तो घरी आला. पिशवीतून फिरकीचा तांब्या काढून माझ्यापुढं ठेवला. "भरलेला न्यायची ना रोज... घरी येईपर्यंत रिकामा असायचा. आम्हाला वाटायचं, पिते." त्याला जाईचं ठाऊकच नव्हतं. मी सांगितलं तसा तो ढसाढसा रडला.

दुसऱ्याच दिवशी तांब्या मी भरून शाळेत नेला. मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर फिरकी उघडली आणि घटाघटा पिऊन निम्म्यावर आणला. मग तो टेबलावर ठेवून हेडमास्तरांच्या खोलीत गेले आणि हात पुढं केला. "किल्ली द्या." त्यांचे कान लाल झाले. "शी, बाई, काय हे..." म्हणत त्यांनी ड्रॉवर उघडला. मी किल्ली घेऊन वळले तर दारात रझियाबी उभी. हातात सुमनबाईंचा तांब्या, उलटा धरलेला, पार रिकामा. पदरानं तोंड पुसत म्हणाली, "मैं भी पी के आयी."