चिंधी बांधलेलं बोट

वर्ष संपायला आलं की मला तीन गोष्टी आठवतात: लाखोरीचे वडे, हॉकी आणि ग्रामपंचायतीची निवडणूक. या तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही असं कुणाला वाटत असेल, तर तो आमच्या गावचा नाही.

आधी वडे. लाखोरीची डाळ खाल्ली की पाय लुळे पडतात, असं सरकारचं म्हणणं होतं आणि तिच्या विक्रीवर बंदी होती. आमच्याकडे उभ्या धानातच लाखोरी फेकून पेरतात. घरोघरी खातात. आमचे पाय शाबूत होते आणि त्या पायांनी आम्ही रोज रस्त्याच्या वळणावर वडे खायला जायचो. तिथे एक बाई हातगाडीवर जवसाच्या तेलात वडे तळायची आणि पळसाच्या पानावर द्यायची. जीपमधून कुणी साहेब उतरला की तेच वडे चण्याच्या डाळीचे व्हायचे. साहेब दोनदा मागून घ्यायचा. मी पुढे चंद्रपुरात, नागपुरात पुष्कळ ठिकाणी खाल्लं, पण तो कुरकुरीतपणा कुठे नाही. याबाबतीत माझ्याशी वाद घालू नये.

आता हॉकी. आमच्या शेजारचे काका सुतार होते. बोरीची वाकडी फांदी हेरून ते काठी करायचे आणि बांबूचं मूळ तासून चेंडू. त्या काठीवर शिकून मी ब्रह्मपुरीला कॉलेजच्या टीममध्ये बॅक खेळलो. काका स्वतः कधी मैदानात उतरले नाहीत. पण वडेवाल्या बाईच्या ट्रान्झिस्टरवर हॉकीची कॉमेंट्री लागली की हातातलं काम टाकून पहिले तिथे हजर. हिंदी अर्धी कळायची, बाकी अर्धी मी सांगायचो.

ज्या वर्षी चंद्रपूर जिल्ह्याचे दोन तुकडे झाले आणि आम्ही गडचिरोलीत गेलो, त्याच हिवाळ्यात माझा मोठा भाऊ निवडणुकीला उभा राहिला. आमच्या बौद्ध मोहल्ल्यातला माणूस राखीव नसलेल्या जागेवर पहिल्यांदाच उभा होता. समोर गावातल्या मोठ्या शेतकऱ्याचा पुतण्या. मोहल्ला पेटून उठला होता. मतदानाच्या दिवशी सकाळपासून मी बैलगाडीत म्हाताऱ्या बायांना बसवून शाळेत नेत होतो, आणत होतो. दुपार कलल्यावर मीच भावाला सांगितलं, "आपला मोहल्ला पुरा झाला. एक मत बाकी नाई."

एक बाकी होतं. माझं.

पाचला मतदान संपणार होतं. त्याच दुपारी दिल्लीत आशियाई स्पर्धेची फायनल होती, समोर पाकिस्तान. दोन मिनिटं स्कोअर ऐकू आणि जाऊ, म्हणून मी वड्यांच्या गाडीपाशी टेकलो. काका त्या दिवशी नव्हते; सकाळीच मत टाकून दोन दिवसांसाठी दुसऱ्या गावी दारं बसवायला गेले होते. पहिला गोल आपण केला. मी वडे मागवले. मग त्यांचा एक झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला उठायला हवं होतं. पण मी जागचा हललो तर आणखी एक बसेल, असं मला वाटत होतं. हललो नाही, तरी बसतच होते. सात झाले तेव्हा शाळेचं दार बंद झालं होतं.

घरी जाताना मी डाव्या हाताच्या बोटाला चिंधी बांधली. शाई नव्हती ना तिथे. धान कापणीचे दिवस, विळा लागला म्हटलं की कुणी विचारत नाही.

मोजणीत दोघांना सारखी मतं पडली. चिठ्ठी टाकली, ती पुतण्याची निघाली. मोहल्ला बोटं मोजत बसला: आपली इतकी असताना एक गेलं कुठे? कुणाला तरी आठवलं, सुतारकाका आठवड्यापूर्वी त्या शेतकऱ्याच्या वाड्यात बैलबंडीचं चाक दुरुस्त करायला गेले होते. झालं. ते मत काकांनी विकलं, असं ठरून गेलं. भाऊ म्हणत राहिला, "सोडा ना आता." पण कुणी सोडलं नाही. काकांना लोक रस्त्यात पाहून थुंकायचे. त्यांनी वळणावर येणं बंद केलं. मी रोज त्यांच्या दारावरून जायचो आणि मान खाली घालायचो. मी भित्रा होतो, हे सरळ लिहून टाकतो.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे वड्यांच्या गाडीपाशी जमलो. एकाच पानावर सगळ्यांचे उजवे हात पडत होते आणि मोकळ्या राहिलेल्या प्रत्येक डाव्या हाताच्या नखाशी शाईचा काळा डाग अजून होता. भावाने मला बाजूला घेतलं.

"सोड ते चिंधी," तो म्हणाला. "महिना झाला. विळ्याची जखम इतके दिवस राह्यते का?"

मी सोडली. बोट कोरं होतं. त्याने ते पाहिलंसुद्धा नाही.

"मले पयल्याच दिवशी समजलं. तू कधी सांगशीन, ते पाहून राह्यलो होतो."

"चुकलो भाऊ. हॉकीची म्याच ऐकत बसलो."

"मले कायले सांगून राह्यला? मी एक निवडणूक हारलो. काकाचं तर सारंच गेलं. त्याईले सांग, मंग इथी येऊन साऱ्याईले सांग."

मी पानात चार वडे बांधून घेतले. काका अंगणात उन्हात बसले होते. समोर एक काठी, अर्धी तासलेली. मी उभ्यानेच सांगितलं: शाळेत गेलोच नाही, रेडिओपाशी बसलो होतो, ते मत माझं होतं. बोट पुढे केलं. आता शिव्या पडतील म्हणून तयार राहिलो. पडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

काकांनी बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वडे घेतले, बाजूला ठेवले आणि विचारलं,

"दिल्लीची म्याच कोन जिंकलं रे? मले कोनी सांगतलंच नाई."