हमरियात राहिलेले नारळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सुनंदालाही नाही — आणि तिला तर मी ऑफिसातल्या चहात साखर कमी होती हेसुद्धा घरी येऊन सांगतो. आज तुम्हाला सांगतो आहे, कारण हनीफ गेला. मुरुडला, आपल्या घरी, तापाने. त्याच्या भाच्याचा आवाजी निरोप फोनवर आला तेव्हा मी जेवत होतो. निरोप ऐकला, आणि ताटातलं संपवून उठलो. हे आधी का सांगितलं? कुठून तरी सुरुवात करायला हवी म्हणून.

सुनंदाने देवाजवळ निरांजन लावलं. म्हणाली, “किती जीव लावायचा तो माणूस आपल्याला.” मी हो म्हणालो.

हनीफ सिद्दी. मस्कतजवळ रुसैलला आमच्या पाइपच्या कारखान्यात तो फोर्कलिफ्ट चालवायचा आणि मी खरेदी विभागात बसायचो — अजूनही बसतो. त्याचे पूर्वज कधीकाळी आफ्रिकेतून जंजिऱ्याला आले आणि तिथलेच झाले. केस कुरळे, रंग काळा — सावळा वगैरे नव्हे, काळा — आणि बोलणं मात्र असं की डोळे मिटून ऐकलं तर शेजारच्या वाडीतलं कुणीतरी बोलतंय असं वाटावं. मला पहिल्यांदा भेटला तेव्हा म्हणाला, “लेले म्हणजे आमच्या बाजूचेच की! मग मला आफ्रिकन समजून इंग्रजी काय फाडताय?” मी ओशाळलो होतो. तो मात्र ही गोष्ट वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगून हसायचा.

आणि मी? मी गोरा आहे. डोळे घारे. मस्कतमध्ये मला पुष्कळ जण सीरियाचा किंवा लेबनॉनचा समजतात. दुकानदार अरबीत बोलायला लागतात, टॅक्सीवाले ‘शामी का?’ म्हणून विचारतात. मी हसून नाही म्हणतो. पण लगेच नाही म्हणत — जरा थांबून म्हणतो. तेवढा वेळ मला आवडतो. हे लिहायला नको वाटतं, पण आवडतो. हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे झालं ते याच्यातूनच झालं.

दार्सैतच्या आमच्या घरी गणपती बसतो. दर वर्षी मोदकांचे नारळ हनीफ खवायचा. कसं सुरू झालं ते आठवत नाही. एका वर्षी काही सामान पोचवायला आला, माहेरची पुण्याची सुनंदा विळीशी झगडताना दिसली, आणि म्हणाला, “वहिनी, तुम्ही उठा. हे पुण्याच्या लोकांचं काम नाही.” मग ते ठरूनच गेलं. फरशीवर वर्तमानपत्र पसरून बसायचा, खोबऱ्याची शुभ्र रास होत जायची आणि तोंडाचा पट्टा चालू. एका वर्षी आरतीला आमचा मॅनेजर मार्टिन आला होता. इंग्रज, साठीकडे झुकलेला. तो हनीफशेजारी मांडी घालून बसला आणि स्वतः एक वाटी खवून बघितली. बोट कापून घेतलं. हनीफ म्हणाला, “सायबाला सांगा, रक्ताचा मोदक बाप्पाला चालत नाही.” मी भाषांतर केलं. मार्टिन इतका हसला की त्याचा चष्मा पडला. त्या दोघांच्या मधला दुभाष्या मीच असायचो. हेही लक्षात ठेवा.

त्या वर्षी गणपतीच्या आधीच्या शुक्रवारी हनीफ आणि मी नारळ आणायला हमरियात, कामगारवस्तीच्या बाजारात गेलो. उकाडा असा की शर्ट पाठीला चिकटलेला. नारळांची पिशवी हनीफच्या हातात — मी धरतो म्हणालो तर देईना. गल्लीच्या तोंडाशी तपासणी चालू होती. गणवेशातले दोघे येणाऱ्या-जाणाऱ्या कामगारांची रहिवासी कार्डं बघत होते. तशा तपासण्या होत असतात. मी पुढे होतो. मी खिशात हात घातला, तर त्यातल्या एकाने माझ्याकडे बघून स्मित केलं आणि जा म्हणून हात हलवला. माझं कार्ड खिशातच राहिलं.

हनीफला त्यांनी थांबवलं.

त्याने कार्ड दिलं. कार्डावर देश भारत. ते दोघे एकमेकांकडे बघून हसले. इंडियन? तू? कार्ड खोटं तरी असणार, नाहीतर दुसऱ्याचं. हनीफ मोडक्या हिंदीत समजावत होता. मग एकाने त्याच्या कानाखाली मारली. फार जोरात वाटली नाही मला — पण मी दूर होतो, आणि मला काय वाटलं याला काय अर्थ आहे? पिशवी त्याच्या हातातून सुटली नाही. ती त्याने आधी नीट खाली ठेवली. नारळ फुटू नयेत म्हणून असेल.

आणि तो मोठ्याने म्हणाला, “लेलेसाहेब, सांगा ना यांना. मी मुरुडचा, सांगा ना.”

मला स्मित देणारा माणूस माझ्याकडे वळला. इंग्रजीत, अगदी सभ्यपणे, त्याने विचारलं — तुम्ही याला ओळखता?

मी नाही म्हणालो.

इथे मी बराच वेळ थांबलो. वाटत होतं की हे वाक्य लिहून झालं की पुढचं सोपं जाईल. तसं काही झालं नाही.

मी घाबरलो होतो का? घाबरलो असतो तर बरं झालं असतं. माझी कागदपत्रं चोख होती. हो म्हटलं असतं तर मला कुणी काही केलं नसतं. फार तर माझंही कार्ड बघितलं असतं — आणि मीही त्या कामगारांतलाच, हमरियात नारळ घेणारा एक हिंदी माणूस, हे त्या सभ्य माणसाला कळलं असतं. त्याचं ते स्मित गेलं असतं. एवढंच. एवढ्यासाठी. बाकी कारणं मी नंतर वर्षानुवर्षं शोधत राहिलो, काही सापडलीही. ती खरी नाहीत.

हनीफने माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा हाक मारली नाही. त्यांनी त्याला गाडीत बसवलं. पिशवी फुटपाथवर राहिली. ती उचलली असती तर ओळख दिसली असती, म्हणून मी ती उचलली नाही. पलीकडच्या गल्लीतून दुसरे नारळ घेतले आणि घरी गेलो. सुनंदाने विचारलं, “हनीफभाऊ कुठायत?” म्हणालो, ओव्हरटाइम लागलाय त्याला. तीच खवत बसली. मोदक झाले. मी खाल्ले.

कंपनीची सरकारी कामं बघणाऱ्या माणसाने काही दिवसांनी त्याला सोडवून आणलं. कार्ड खरंच होतं, त्यामुळे प्रश्नच नव्हता — असं सगळे म्हणाले. प्रश्नच नव्हता! त्याच्या डाव्या कानातून पाणी येत होतं. आत असताना आणखी मारलं होतं की काय, ते त्याने कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मार्टिनने तो कान पाहिला. आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं. तो जे बोलला ते मला जवळजवळ शब्द न् शब्द आठवतं. म्हणाला, “माझी गाडी इथे कुणी अडवत नाही. कारण माझा चेहरा, माझा पासपोर्ट. याची लाज वाटते, पण नुसती लाज वाटून याच्या कानाला काय फायदा? मी वरपर्यंत जातो. माझं ऐकतील. फक्त एक सांगा — हे झालं तेव्हा याच्याबरोबर ओळखीचं कुणी होतं का? कुणीतरी पाहिलेलं हवं. एक माणूस पुरे.”

मग माझ्याकडे पाहून म्हणाला, विचारा याला.

मी हनीफकडे वळलो आणि मराठीत म्हणालो, “साहेब विचारतायत, आता बरं आहे ना.”

हनीफ माझ्याकडे बघत राहिला. फोर्कलिफ्टवर इतकी वर्षं काढलेल्या माणसाला एवढं इंग्रजी कळत नसेल? हा विचार मला त्या क्षणी आला, आधी नाही. तो मार्टिनकडे वळला आणि त्याच्या इंग्रजीत हळू म्हणाला, “अलोन, सर. आय अलोन.”

मला वाचवलं त्याने. का? माहीत नाही. दया आली असेल. किंवा ज्याची साक्ष काढायची तो असा निघाला, तर मग कशाला, असं वाटलं असेल.

एवढ्यावर मी थांबलो असतो तरी — पण नाही. मी मार्टिनला वर समजावलं. याला प्रकरण वाढवायचं नाही. आमच्या लोकांना भीती वाटते. तुम्ही बोलाल, पण निस्तरावं लागेल याला. ‘आमचे लोक’ असं म्हणालो मी. मी स्वतः त्या दिवशी हमरियात नव्हतो, असंही म्हणालो. मार्टिन खुर्चीत बसला. म्हणाला, “मग माझ्यासारख्याने करायचं काय? तुम्हीच सांगा.” त्याने खरंच विचारलं होतं. इतक्या वर्षांत तसं विचारणारा तो एकटाच. आणि उत्तर माझ्याकडे होतं — काही मोठं करायला नको, फक्त थांबायचं, आणि हा माझ्याबरोबर आहे असं म्हणायचं. ज्याला हात हलवून जाऊ देतात त्याने जायचं नाही. मी त्याला सांगितलं की कामगारांना कंपनीच्या नावाची मोठी ओळखपत्रं द्या.

त्याने दिली. प्रामाणिकपणे, पाठपुरावा करून दिली. माणसं ती गळ्यात अडकवून हमरियात जायची आणि अडवली जायचीच. मार्टिन पुढे निवृत्त होऊन गेला. जाताना म्हणाला, तुमच्यामुळे मला ही माणसं कळली.

हनीफ नंतर आमच्याकडे गणपतीला आला नाही. सुनंदाने फोन केला की म्हणायचा, “ओव्हरटाइम आहे, वहिनी.” माझंच कारण. त्याला ते ठाऊक असणं शक्य नव्हतं. पुढे कंपनीच्या वैद्यकीय तपासणीत डाव्या कानाने ऐकू येत नाही असं निघालं. असा माणूस फोर्कलिफ्टवर चालत नाही. त्याला कायमचं मुरुडला पाठवलं. निघताना माझ्या टेबलाशी आला, माझ्या डाव्या बाजूला उभा राहिला — म्हणजे त्याचा उजवा कान माझ्याकडे होईल असा — आणि म्हणाला, “चलतो साहेब. वहिनींना सांगा, नारळ मऊ बघून घेऊ नका, खवताना तुटतो.” त्याने कान माझ्याकडे केला होता. मी काही बोललो नाही.

आता तो गेला. मला वाटलं होतं, त्याच्या जाण्याने माझ्यात काहीतरी हलेल. म्हणून हेही सांगतो.

गेल्या शुक्रवारी मी हमरियात होतो. गल्लीच्या तोंडाशी पुन्हा तपासणी. एक काळा माणूस भिंतीला टेकून उभा केलेला, त्याचं कार्ड कुणाच्या तरी हातात. कुठला होता कोण जाणे. त्याने माझ्याकडे पाहिलं — ओळखीचा म्हणून नाही, नुसतं, जसं कुणीही कुणाकडे बघतं. गणवेशातल्या तरुणाने मला बघून हात हलवला.

मी त्या तरुणाकडे बघून हसलो, आणि पुढे गेलो.