पंच्याण्णव वर्षांचा मक्ता

इंझोरीत कोणाला वावर घ्यायचं असलं की आधी आमच्या मोठ्या भासऱ्यांना, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांना, माणिकरावांना, मोटारसायकलवर बसवून न्यायचे. ते ढेकूळ फोडून पाहत, विहिरीत डोकावत, धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, एक चक्कर मारत आणि मग विचारत, "मक्ता किती येते?" मक्ता म्हणजे वावर दुसऱ्याला कसायला दिलं की एकरी वर्षाला मिळणारे पैसे. रोडवरचं वावर मक्त्याच्या शंभर पटीने गेलं तरी ते त्याला महाग म्हणायचे नाहीत. जमिनीत त्यांचा अंदाज चुकल्याचं मला आठवत नाही.

गेल्या मार्चमध्ये त्यांनी स्वतःचंच, होतं तेवढं, रोडवरचं दोन एकर गावातल्याच मारोतरावांना विकलं. एकरी वीस लाख. ते चाळीस लाख सौरपंपांच्या एका कंपनीत टाकायचे होते. शेअर साडेनऊशेला आणि एका शेअरमागे कंपनीचा वर्षाचा नफा दहा रुपये. कागद घेऊन ते आमच्याकडे आले, कारण माझी संस्कृती वाशीमला बी.कॉम. करते.

"पंच्याण्णव पट हाये. माह्यं वावर शंभर पटीनं गेलं. हे त सस्त पडून राह्यलं."

संस्कृतीने तासभर कागद चाळले. "मोठेबाबा, वावराचं वेगळं असते. कंपनीचा नफा चार वर्षं दरसाल दीडपट झाला, त दहाचे पन्नास होतीन. तवा आजचा भाव एकोणीस पट पडते, तो पटते. पण अवंदा नफा वाढला तो एकाच सरकारी ऑर्डरीनं. पुढची ऑर्डर कागदात कुठी दिसत नाही."

"मंग घेऊ नोको म्हणतं?"

मी तिला स्वयंपाकघरात ओढलं. दहा वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याने त्यांना एक वावर घेऊ नका म्हटलं होतं. पुढे त्या वावराला लागून रस्ता गेला आणि भाव चौपट झाला. त्यानंतर एक सण असा गेला नाही की भरल्या ताटावर त्यांनी ते काढलं नाही. शेवटी नवऱ्याने त्यांच्या पंगतीला बसणं सोडलं.

"उद्या भाव चढला त जिंदगीभर तुह्या नावानं बोटं मोडतीन. हो म्हण अन् मोकळी हो."

"पण आई, चूक हाये ते."

"पैसे त्यायचे हायेत. तुह्ये हायेत का?"

बाहेर येऊन ती म्हणाली, "बरोबर हाये, मोठेबाबा. घ्या."

कंपनीचा वर्षाचा निकाल लागला. शेअरमागे नफा अकरा रुपये. दुसऱ्याच दिवसापासून भाव घसरायला लागला आणि दोनशे वीसवर येऊन थांबला. माणिकराव आमच्या ओसरीत बसून एकच विचारत होते, "नफा त वाढला ना वं? मंग भाव काहून पडला?" ज्यांनी पंच्याण्णव पट मोजले होते ते वाढीसाठी मोजले होते, वाढ थांबल्यावर लोक वीस पटच द्यायला तयार होते. हे त्यांना कोणी समजावलं नाही. मीही नाही. त्यांनी घाबरून सगळं विकलं. चाळीस लाखांचे सव्वानऊ आले.

आता पानठेल्यावर पोरं हाक मारतात, "मोठेबाबा, कंपनीचं ढेकूळ फोडून पाह्यलं होतं का?" वावर दाखवायला त्यांना कोणी नेत नाही. त्यांची बायको, माझी जाऊ रुखमाबाई, अडीचशे रुपये रोजाने निंदायला जाते, मारोतरावांकडेच, त्याच विकलेल्या वावरात. पहिल्या दिवशी बायांना निंदायची तासं, म्हणजे पिकाच्या ओळी, वाटून देताना मारोतराव तिला म्हणाले, "काकू, तुमाले तास दाखवा लागत नाही. वावर तुमच्याच पायाखालचं हाये."

परवा मारोतराव मुलाकडची दोन माणसं घेऊन संस्कृतीसाठी स्थळ सांगायला आले होते. माणिकरावही येऊन बसले. मारोतरावांनी मुद्दाम खोड काढली, "मोठेबाबा, तुमाले हा सल्ला देल्ला त कोणं?"

माणिकरावांनी दाराकडे बोट केलं. "हे पाहा. कॉलेजात शिकते. इनं बरोबर हाये म्हणलं, म्हून घेतलं म्या."

दोघं पाहुणे एकमेकांकडे पाहून हसले. "घर चालोयीन का बुडोयीन मंग?"

दारात उभी संस्कृती माझ्याकडे पाहत राहिली. 'तिला हो म्हणायला मीच लावलं', एवढं एकच वाक्य मला बोलायचं होतं.

मी म्हटलं, "पाहुण्यायले पाणी दे."