वळणावरचा हॉर्न

धुळ्याच्या देवपुरातल्या पोरांना कोकिळाबाईंची शाळेची व्हॅन हॉर्नवरूनच ओळखू यायची. पोरगं तयार असेल तर एक हॉर्न, उशीर केला तर दोन, आणि आईच दारात फणी घेऊन पोराच्या मागे धावत असेल तर अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा लांबलचक. नवरा वारल्यावर व्हॅन विकायची नाही, आपणच चालवायची, असं या बाईने ठरवलं तेव्हा दिरांनी नाकं मुरडली होती. पुढे त्या दिरांचीच नातवंडं याच व्हॅनमधून शाळेत गेली, आणि तीही पुढच्या सीटसाठी भांडत.

सोनगीरकडच्या रस्त्यावर एका वळणाला शेंदूर लावलेला दगड आहे. तिथे फार पूर्वी एक ट्रकवाला अपघातात गेला होता. तिथून जाताना कोकिळाबाई हॉर्नला नुसता अंगठा लावायच्या. एवढंसं पीं. त्या रस्त्याचे सगळेच गाडीवाले लावतात. मागे बसलेली पोरं हात जोडायची आणि पुन्हा भांडायला लागायची.

अशी ही बाई न्यूझीलंडला लेकीकडे गेली ती आराम करायला. लेक मोहिनी म्हणालीच होती, आता नुसती बस. नुसतं बसणं कोकिळाबाईंना जन्मात जमलं नव्हतं. भांडी मशीन घासायचं, कपडे मशीन वाळवायचं, आणि शेजारीण कुंपणापलीकडून हसून हात हलवून आत निघून जायची. चार दिवसांत बाई कावल्या.

तेवढ्यात मोहिनी पायरीवरून घसरली आणि तिच्या उजव्या पायाला प्लास्टर लागलं. जावई हितेंद्र पहाटेच डेअरीवर कामाला जायचा. नात मयुरीची बालवाडी गावाबाहेर, आणि बस नाही. जावयाने येतानाच सासूबाईंना धुळ्याहून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणायला लावला होता. तोच आता कामाला आला. लेकीच्या पायाचं वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर चावी हातात आल्यावर कोकिळाबाईंना पहिल्यांदा त्या देशात आल्यासारखं वाटलं.

मोहिनीने चावी देतानाच दम भरला. "आई, आठे हॉर्न म्हंजे शिवी शे. वाजाडा का चाबी मन्हाकडे."

गाडी डावीकडूनच चालवायची होती, ती अडचण नव्हती. अडचण डाव्या हाताची. गाडीला गिअर टाकायचे नसल्यामुळे तो हात सारखा काहीतरी शोधत राहायचा. कोकिळाबाईंनी त्याला मांडीवर गप्प बसवला. झेब्रापट्टीवर पाय ठेवलेल्या माणसासाठी थांबल्या, चौकात उजवीकडच्याला आधी जाऊ दिलं, आणि बदकांची रांग रस्ता ओलांडत होती तेव्हाही हॉर्नला हात लावला नाही. देवपुरात हे कुणाला सांगितलं असतं तर त्याने बाईंना वेड्यात काढलं असतं.

फक्त एका ठिकाणी त्यांचा अंगठा ऐकेना. बालवाडीच्या अलीकडे एक उतरतं वळण होतं, आणि कडेला गवतात पांढरा क्रूस. त्यावर एक नाव, खाली ताजी फुलं. कुणाचं तरी माणूस इथे गेलं आहे, हे समजायला इंग्रजी लागत नव्हतं. एवढंसं पीं. मागे मयुरीने हात जोडले, कारण आजीने तिला ते शिकवून ठेवलं होतं. रोज जाताना हेच झालं, आणि येतानाही.

मग एका संध्याकाळी मोहिनीने फोनवर तिथल्या गावाच्या ग्रुपमधला मजकूर वाचला आणि तिचा चेहराच उतरला. एका बाईने लिहिलं होतं, एक निळी गाडी रोज माझ्या मुलाच्या क्रूसजवळ हॉर्न मारून जाते. त्याने तुमचं काय वाईट केलं होतं?

"आई, ती गाडी आपली शे."

चावी मोहिनीने उचलून आपल्या उशीखाली ठेवली. चावीचं कोकिळाबाईंना फारसं काही वाटलं नाही. आपण एका आईला रोज जाता-येता टोचत होतो, या विचाराने मात्र त्या ताटावरून उठल्या. "माले तिनाकडे ली चाल," एवढंच त्या म्हणत राहिल्या. शेवटी हितेंद्रने दोघींना गाडीत घातलं.

बाईचं घर वळणाजवळच होतं. उंच, पिकल्या केसांची बाई. तिने दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही.

"अक्का, मन्ही चूक व्हयनी," कोकिळाबाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. "मी तुमना पोऱ्याले शिवी नही दिन्ही. आमनाकडे रस्तावर कोनी गयं, तर गाडीवाला येता-जाता त्याले हॉर्न वाजाडीसन रामराम करस. आठून आते नही वाजाडाऊ."

मोहिनीने कुबड्यांवर रेलून इंग्रजीत सांगितलं. बाईने विचारलं, ओळख नसलेलेही करतात?

"बठ्ठा करतस," कोकिळाबाई म्हणाल्या, आणि सगळेच करतात असं मोहिनीने तिला सांगितलं.

बाईने मान हलवली आणि दार लावून घेतलं. माफ केलं की नाही, काही कळलं नाही.

सकाळी दुसरा उपाय नव्हता, म्हणून मोहिनीने उशीखालची चावी काढून दिली. वळण जवळ आलं तसा कोकिळाबाईंनी अंगठा मुठीत दाबून धरला आणि क्रूसाकडे न बघता गाडी मुकाट पुढे नेली. फार वाईट वाटलं. भरल्या घरात समोरच्या माणसाची विचारपूस न करता पुढे गेल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात मागून एवढंसं पीं ऐकू आलं.

"आजी, तू वाजवलास?" मयुरीने हात जोडता जोडता विचारलं.

कोकिळाबाईंनी आरशात पाहिलं. मागच्या जुन्या गाडीत, स्टिअरिंगमागे, ती पिकल्या केसांची बाई होती.

"नही माय," त्या म्हणाल्या. "त्या पोऱ्यानी मायनी वाजाडा."