तीन दिवस पुरणारा फोन

फोनच्या दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक आधी कॅमेरा विचारतं, मग रंग, आणि पैसे देताना कधी आठवलंच तर बॅटरी. या दुकानात मात्र उलटी तऱ्हा होती. लोक पायरी चढतानाच विचारायचे, "टक्केताई आहेत का?" असल्या तर बसायचे, नसल्या तर उद्या येतो म्हणून चालू लागायचे. मालकाला याचा आनंद व्हायचा आणि पोटात थोडं दुखायचंही. दुकान त्याचं, पाटी त्याची, आणि शब्द चालायचा हिचा.

टक्केताई हे तिचं नाव नव्हे, पण खरं नाव आता तिच्या वडिलांनाही आठवत नसे, त्यामुळे तेच पक्कं झालं होतं. चव्वेचाळिशीची, चष्मा कपाळावर ठेवून तो टेबलभर शोधणारी, बोलायला फटकळ. कंपनीने खोक्यावर छापलेल्या आकड्यांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. "दोन दिवस चालतो असं लिहायला शाई किती लागते?" असं ती कंपनीच्या माणसाला तोंडावर विचारायची. तो बिचारा हसून चहा प्यायचा.

तिची स्वतःची परीक्षा होती. काउंटरमागच्या फळीवर ती स्वस्तातले तीन-चार फोन ओळीने मांडायची. उजेड सगळ्यांचा सारखा, आवाज बंद, आणि एकच व्हिडिओ, तोही नदी वाहत असल्याचा. दर तासाला टक्के वहीत उतरवायचे. एकेक फोन मान टाकायचा आणि शेवटी उरेल तो पहिला. मग दुसरी परीक्षा, पडून राहण्याची. सिमकार्ड घालायचं, फोन पालथा ठेवायचा आणि तीन दिवस त्याला कुणी हात लावायचा नाही. "मोठ्या बॅटरीला भुलू नका," ती गिऱ्हाइकाला सांगायची. "याचं पोट मोठं आहे, पण भूकही तेवढीच आहे." अशा बोलण्यावर लोक फिदा असत. तिच्या वहीला त्या गल्लीत कोर्टाच्या निकालाचा मान होता, आणि तिला ते ठाऊक होतं. मान कुणाला नको असतो?

तिच्या वडिलांनी चौतीस वर्षं वीज कंपनीत मीटर वाचले होते. जिने चढायचे, मीटरवर बोट ठेवून आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, पुढचं घर. निवृत्तीनंतर दहा वर्षं बरी गेली. मग एके दिवशी ते सकाळी नवाला वही-पेन्सिल घेऊन कामावर निघाले. आधी लोकांनी थट्टेवारी नेलं. "साहेब, या महिन्यात जरा कमी लिहा हं," म्हणायचे. पण माणूस रोज जिन्याखाली येऊन उभा राहू लागला की थट्टा आटते. मीटरही आता नवे, त्यांत फिरणारी चकती नाही. ते त्या काचेवर टिचक्या मारत बसायचे. आणि एकदा निघाले की परतीचा रस्ता विसरायचे. दोनदा तर शहराच्या दुसऱ्या टोकाला सापडले.

घरात माणसं दोनच, बाप आणि लेक. भाऊ परगावी होता. तो फोनवर काळजी करायचा आणि काळजी करून झाली की फोन ठेवायचा. दारं बंद करून ठेवली तर म्हातारा डोकं आपटून घ्यायचा. शेवटी तिनेच ठरवलं. फिरू दे, पण आपल्याला दिसत राहिले पाहिजेत. शर्टाच्या आत बटणाचा खिसा शिवायचा, त्यात फोन, फोनमध्ये नकाशा. म्हणजे दुकानात बसून तिच्या फोनवर ठिपका दिसेल, बाबा कुठे आहेत ते.

आता अडचण आली चार्जरची. बाबांना घरात कुठेही वायर लोंबताना दिसली की त्यांच्यातला वीज कंपनीचा माणूस खडबडून जागा व्हायचा.

"ही जोडणी कोणी दिली?"

"बाबा, फोन चार्ज होतोय."

"नोंद आहे का हिची? नाही ना? मग चोरीचीच." आणि चार्जर उपटून सरळ कचऱ्याच्या डब्यात. आठवडाभरात तीन चार्जर गेले. त्यांचा डोळा लागल्यावर लावावा, तर झोप इतकी पातळ की दिवा दिसताच उठून बसायचे. रोज चार्ज करणं होणारच नव्हतं. तीन दिवसांतून एकदा बाबा अंघोळीला बसले की तेवढ्यात उरकायचं, एवढंच हातात होतं. म्हणजे फोन हवा तीन दिवस पुरणारा, आणि पगाराला झेपेल असा.

तिने आयुष्यात कुठली परीक्षा घेतली नसेल इतकी कसून ही घेतली. फळीवर तीन फोन, अकरा दिवस. जाडजूड काळा होता तो व्हिडिओत जिंकला. निळा मधलाच. करडा फोन व्हिडिओत हरला, पण पडून राहण्यात त्याने कमाल केली. तीन दिवसांनी उलटा करून बघते तर एकोणऐंशी टक्के! तिने वहीत त्याच्यापुढे दोनदा बरोबरची खूण केली. म्हाताऱ्याच्या खिशात फोन पडूनच तर राहणार. करडाच घेतला.

पहिले तीन आठवडे दृष्ट लागावी असे गेले. ठिपका हलायचा, ती उठायची, बाबांना घेऊन यायची. पण मग बाबा दिवसभर भटकू लागले, आणि नकाशा सतत चालू राहिल्याने फोन संध्याकाळीच नऊ टक्क्यांवर येऊ लागला. एकदा पार बंद पडला आणि बाबा तासभर सापडले नाहीत. त्या तासात ती जिवाच्या भीतीने गल्ल्या पालथ्या घालत फिरली. आणि खरं सांगायचं तर दुसरंही एक टोचलं. तिने निवडलेला फोन एक दिवससुद्धा पुरत नव्हता.

तेव्हा तिने बॅटरी वाचवण्याचं बटण लावलं. फोनने पडद्यावर विचारलं, मागे चालणारी कामं झोपवू का? हे बटण तिला पाठ होतं. मेसेज उशिरा येतात म्हणून रडत येणाऱ्या गिऱ्हाइकाला ती दिवसातून दोनदा हेच बंद करून द्यायची. करडा फोन फळीवर एकोणऐंशी टक्के राखून होता तो याच झोपेच्या जोरावर, हेही तिच्यासारखीला कळायला हवं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तिने हो म्हटलं. मनात म्हणाली, तपासून तर बघते.

आणि तिने तपासलं. टाळाटाळ करणारी बाई नव्हती ती. बाबांचा फोन आपल्या खिशात घालून गल्लीला फेरी मारली. प्रत्येक कोपऱ्यावर तो बाहेर काढला, उघडला, दुसऱ्या हातातल्या आपल्या फोनवर पाहिलं. ठिपका बरोबर. पुन्हा फेरी, पुन्हा बरोबर. तीनदा झालं. फोन उघडला की तो जागा होतो, जागा झाला की आपण कुठे आहोत ते सांगतो. खिशात असताना तो झोपलेलाच होता, कधीतरी मधूनच डोळा उघडायचा तेवढाच. ती बघत होती म्हणून तो बोलत होता. फळीवर फोनला हात न लावण्याचा नियम करणारी बाई या एका परीक्षेत दर कोपऱ्यावर हात लावत राहिली.

पुढचे बारा दिवस बाबा लांब गेलेच नाहीत. कोपऱ्यावरच्या लाँड्रीत जाऊन बसायचे, इस्त्रीवाला त्यांना स्टूल द्यायचा. ठिपका लाँड्रीवर, बाबा लाँड्रीत. बॅटरी तीन दिवस पुरून वर उरू लागली. ती निर्धास्त झाली.

तेराव्या दिवशी दुपारी तीन वाजता शेजारच्या काकूंचा फोन आला. बाबांवर अधूनमधून नजर ठेवायचं काम त्या न सांगता करायच्या.

"अगं, तुझे बाबा सकाळपासून दिसले नाहीत. जेवायलाही आले नाहीत."

तिने नकाशा उघडला. ठिपका लाँड्रीवर होता. "काकू, लाँड्रीत बसलेत. भूक लागली की येतील."

"बघ बाई. मी जाऊन येऊ का?"

"कशाला पाय दुखवता? दिसतायत मला."

समोर एक शाळेतली बाई बसली होती. तिलाही तिच्या आईसाठी फोन हवा होता. आई हल्ली वाट चुकू लागली होती, हे सांगताना ती बाई मान खाली घालून पर्सची चेन मागेपुढे करत होती. टक्केताईला तिची कणव आली. अगदी मनापासून आली. तिने आपला फोन तिच्यापुढे धरला.

"हे बघा, हे माझे वडील. कोपऱ्यावर बसलेत. एक्क्याऐंशी टक्के आहे अजून, आणि चार्ज परवा केलाय."

शाळेतल्या बाईने तो ठिपका बराच वेळ पाहिला. "मला हाच द्या," ती म्हणाली. "आणि तुम्हीच लावून द्या सगळं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही." टक्केताईने सगळं लावून दिलं, बाबांच्या फोनला लावलं होतं तसंच्या तसं. चार वाजता बाई समाधानाने गेली. ठिपका लाँड्रीवरच होता.

पाचला ती स्वतः लाँड्रीत पोचली. स्टूल रिकामं होतं.

"साहेब?" इस्त्रीवाला म्हणाला. "ते अकराच्या आधीच गेले की."

तिने फोन डोळ्यांजवळ नेला, चष्मा कपाळावरून खाली घेतला. ठिपक्याखाली फिकट अक्षरांत एक ओळ असते. रोजच असते. शेवटची नोंद, सकाळी दहा बावन्न. सहा तासांपूर्वीची. एक्क्याऐंशी टक्केही तेव्हाचेच.

तिने बाबांना फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. मग ती रस्त्यातच उभी राहून लावत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सापडले. तीन गल्ल्या पलीकडे एक इमारत पाडायला काढली होती. भाडेकरू गेलेले, वीज तोडलेली, पण तळघरातल्या खोलीत जुने, चकतीवाले मीटर भिंतीवर तसेच होते. बाबांना ते कसे आठवले, कोण जाणे. आदल्या दिवशी बाराच्या सुमाराला राखणदाराने त्या खोलीचं दार उघडं पाहिलं आणि बाहेरून कडी घातली. आत वाकून बघितलं नाही. "आत कुणी असेल असं वाटलंच नाही हो," तो पोलिसांपुढे रडत सांगत होता. तळघरात फोनला रेंज नव्हती. पण फोन जागा असता तर आत उतरण्याआधीचा ठिपका इमारतीच्या फाटकावर दिसला असता. हे तिला पोलिसांनी सांगितलं नाही. ते सांगायला तिला कुणाची गरज नव्हती.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, बहुधा संध्याकाळनंतर. म्हणजे तीन वाजता बाबा जिवंत होते. चारलाही होते.

पोलिसांनी पिशवीत घालून वस्तू दिल्या. चष्मा, फोन, वही. भिंतीवर सव्वीस मीटर होते. बाबांनी सव्वीसही वाचून लिहिले होते, मग खाली रेघ मारून पुन्हा सव्वीस, तेच आकडे. तिसऱ्यांदा सतरापर्यंत. खोलीला वर हाताएवढा झरोका होता, त्यातला उजेड गेला तिथे आकडे थांबले. त्यापुढे त्यांनी अंधारात काय केलं, ते वहीत नव्हतं. दार वाजवलं असेल का? तिचं नाव तर आठवत नव्हतं, मग हाक कुणाला मारली असेल? या दोन प्रश्नांनी तिला पुढे कधीच सोडलं नाही.

भाऊ आला, चार दिवस राहिला. जाताना एवढंच म्हणाला, "तू तर म्हणाली होतीस, दिसतात म्हणून." भांडायला तोंड लागतं, आणि तोंड होतं कुठे?

सहाव्या दिवशी ती दुकानात गेली. मालक उठून उभा राहिला, आणखी सुट्टी घे म्हणाला. "मला बिलबुक द्या," ती म्हणाली. घरात बसल्या बसल्या पहाटेच तिला शाळेतली बाई आठवली होती, आणि आधी का आठवली नाही म्हणून तिने स्वतःच्या तोंडात मारून घेतलं होतं. बिलावर नंबर होता. शाळा सुटल्यावर फोन उचलला गेला.

"अय्या, टक्केताई! अहो, काय सुरेख फोन दिलात! शेवटचा चार्ज करून तीन दिवस झाले, चार्जरला हात लावला नाही."

"ताई, तो फोन घेऊन या. आजच. मी सेटिंग चुकीचं लावून दिलं."

"चुकीचं कुठलं? सगळं दिसतंय की."

"तुमच्या आई कुठे आहेत आत्ता?"

"घरीच आहेत. थांबा, बघते हं नकाशावर... हो, घरीच."

"नकाशा बघू नका. तुम्ही कुठे आहात?"

"घराच्या फाटकापाशी पोचलेच आहे. का हो? तुमचा आवाज असा का येतोय?"

"आत जा आणि हाक मारा त्यांना. फोन ठेवू नका."

पलीकडे चपला वाजल्या, कुलपात किल्ली फिरली, दार कुरकुरलं. मग शाळेतली बाई मोठ्याने म्हणाली, "आई!" थोडं थांबून पुन्हा, "आई, कुठे आहेस गं?"

टक्केताईने फोन कानाशी दाबून धरला. काउंटरवर दोन गिऱ्हाइकं येऊन उभी होती, मालक त्यांना खुणेने थांबवत होता. तिसऱ्या हाकेला, लांबून, बहुधा मागच्या खोलीतून, कुणीतरी कंटाळलेल्या आवाजात "ओ" दिली.

"आहेत हो, आहेत," शाळेतली बाई म्हणाली. "झालंय तरी काय? हॅलो? टक्केताई?"

तिने फोन कानाशी तसाच धरून काउंटरवर डोकं टेकलं. मालकाने पुढे होऊन तिच्या हातातून हळूच फोन घेतला.