भाऊंनी टाकी हुंगली

पेट्रोलची टाकी गाडीखालून काढणं हे ताकदीचं काम नाही, आणि चिडक्या माणसाचं तर मुळीच नाही. मी चिडका, म्हणून मला ते उशिरा जमलं. जुन्या गाडीत ती मागे, डिकीच्या खाली, दोन लोखंडी पट्ट्यांवर टांगलेली असते. पट्ट्यांचे बोल्ट वर्षानुवर्षांच्या चिखलाने गंजून बसलेले. त्यांना आधी घासलेट पाजायचं, बिडी ओढून यायचं, पुन्हा पाजायचं, मग हळूच पाना लावायचा, असं भाऊ सांगत. मी पहिल्याच झटक्याला जोर करायचो. बोल्टचं डोकं तुटायचं, आणि मग मी अर्धा दिवस त्या बोल्टच्या सात पिढ्यांचा उद्धार करत गाडीखाली पडून राहायचो.

भाऊ माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे. वडील लवकर गेले, त्यामुळे मला त्यांनीच वाढवलं. लढाईच्या काळात लष्कराच्या गाड्यांवर काम करून ते मिस्त्री झाले, आणि पुढे वर्ध्यात सिंदी मेघेच्या रस्त्याला टिनाच्या शेडमध्ये आमचं वर्कशॉप उभं राहिलं. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच्या पुढल्या वर्षीची ही गोष्ट. मी तेव्हा तिशीला टेकलेला, लग्न झालेला बाप्या होतो. गिऱ्हाइकांशी भांडायचो, बायकोशी भांडायचो, एकदा तर तपासणीला आलेल्या पोलिसाशीही भांडलो. भाऊंच्या शब्दापुढे मात्र कधी गेलो नाही.

गळक्या टाकीला डाग देणं हे आमच्याकडचं सगळ्यात जोखमीचं काम. नवी टाकी मिळायची नाही, म्हणून जुनीच काढून, तापल्या हत्याराने कथील वितळवून भोकं बुजवून परत बसवायची. लोकांना वाटतं भरलेली टाकी धोक्याची. खरं भय रिकामीचं असतं, कारण आत पेट्रोलची वाफ कोंडलेली राहते. हिंगणघाटकडच्या एका मिस्त्रीचे दोन्ही डोळे अशाच टाकीने नेले होते. म्हणून आम्ही ती कढत पाण्याने, धुण्याचा सोडा घालून तीनदा धुवायचो, उन्हात ठेवायचो, आणि शेवटी भाऊ ती हुंगायचे. डोळे मिटून, तोंडाशी चेहरा नेऊन, सावकाश. "वास नाई," असं ते म्हणाले की मी शेगडी पुढे ओढायची. ज्या घरांत आम्हाला ओसरीच्या पुढे जाता येत नव्हतं, त्या घरांच्या गाड्या भाऊंच्या या एका शब्दावर आमच्या शेडमध्ये यायच्या. याचा मला फार अभिमान होता आणि अजून आहे.

त्या दिवशी सकाळी आंजीचे एक कापूस व्यापारी आपली जुनी गाडी घेऊन आले. रस्ताभर पेट्रोल गळत आलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन सेवाग्रामच्या दवाखान्यात होतं, आणि म्हातारीला बैलगाडीचे हिसके सोसत नव्हते. काम होईपर्यंत इथेच बसतो म्हणाले. आम्ही त्यांना लिंबाखाली खुर्ची दिली.

बॅटरीची तार सोडली, उरलेलं पेट्रोल डब्यात काढून दूर नेऊन ठेवलं. रबराची नळी वाळून कडक झाली होती, ती कापावी लागली. मग एका बाजूला भाऊ आणि दुसऱ्या बाजूला मी, असे पाठीवर पडून आम्ही पट्ट्या सोडल्या आणि टाकी छातीवर उतरवून घेतली. खालच्या जोडावर दोन बारीक भोकं होती. मी टाकी तीनदा धुतली. ऊन चांगलं होतं. व्यापारी सारखे घड्याळ पाहत होते.

दुपारी बाराच्या सुमाराला भाऊ उकिडवे बसले, डोळे मिटले, हुंगलं आणि म्हणाले, "वास नाई."

मी टाकी शेगडीजवळ सरकवायला वाकलो आणि पेट्रोलचा वास माझ्या नाकात गेला. पुसट नव्हता. उन्हाने तापून आतल्या गाळातलं पेट्रोल सुटलं असणार. मला वाटलं, माझ्या कपड्यांचा असेल. मी पुन्हा तोंडाशी वाकलो. वास टाकीतूनच येत होता.

मग एकेक गोष्ट आठवत गेली. मागच्या पावसाळ्यात भाऊ एकवीस दिवस तापाने पडले होते. त्यानंतर एकदा ते चुलीपाशी बसलेले असताना वरण करपून कोळसा झालं, आणि वहिनी त्यांच्यावर कडाडली. एकदा त्यांनी विटलेलं ताक पिऊन टाकलं. मी हसलो होतो. आणि होळीच्या आधी एका टाकीला मी स्वतःच्या हाताने डाग दिला होता, त्यांच्या शब्दावर. तेव्हा मला सर्दी होती. त्यानंतर डाग द्यायची ही पहिलीच टाकी.

मी वर पाहिलं तर डाग द्यायचं तांब्याचं हत्यार त्या दिवशी भाऊंनीच शेगडीतून उचललं होतं. तापून लाल झालेलं. माझं काम ते करत होते, आणि मला मागे सरक म्हणून खुणावत होते.

"भाऊ, थांबा. वास हाये."

"म्या पाह्यलं ना. नाई वास."

उभ्या जन्मात मी त्यांना उलट बोललो नव्हतो, आणि तेही गिऱ्हाइकासमोर. ते माझ्याकडे बघत होते. रागवले असते तर बरं झालं असतं. ते मला विनवत होते. तेवढ्यात व्यापारी खुर्चीवरून उठून आले आणि काय झालं म्हणून विचारू लागले. खरं बोललो असतो तर संध्याकाळपर्यंत ते आंजीला पोचलं असतं, आणि आठवड्यात सगळ्या वर्ध्यात.

मी टाकी उचलून बाजूला घेतली. म्हटलं, चूक माझी आहे शेठ, दोनदाच धुतली, तिसऱ्यांदा धुवायचा कंटाळा केला.

त्यांनी मला मनसोक्त झापलं. असल्या कामचुकाराला ठेवता कशाला, आईची गोष्ट आहे, तुमच्यासारख्या माणसाच्या हाताखाली हे शोभत नाही, वगैरे. मी मान खाली घालून ऐकलं. माझ्या स्वभावाला ते किती कठीण गेलं हे माझ्या बायकोला विचारावं. भाऊ हत्यार हातात घेऊन तसेच उभे होते. त्यांनी ते सावकाश पाण्याच्या बादलीत बुडवलं.

मी आत खडे घालून टाकी खळखळवली. काळा चिकट गाळ निघाला. पुन्हा कढत पाणी, पुन्हा सोडा, पुन्हा ऊन. शेवटी मी खाली वाकून, बूट बांधत असल्यासारखं करून वास घेतला आणि भाऊंकडे बघून मान हलवली. मग भाऊंनी रीतीप्रमाणे तोंडाशी चेहरा नेला, डोळे मिटले आणि शेठना ऐकू जाईल असं म्हणाले, "वास नाई." डाग मी दिला. पाणी भरून पाहिलं. थेंब नव्हता.

चारच्या सुमाराला आम्ही टाकी परत बसवायला गाडीखाली शिरलो. दोघांच्या तळहातांवर टाकी, डोळे वर, एकमेकांचं तोंड दिसायचं काम नाही. मी माझ्या बाजूची पट्टी अडकवली. बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण राग आवरेना. होळीला माझे डोळे गेले असते, असं मी दबक्या आवाजात म्हणालो.

"हौ," भाऊ म्हणाले. "त्या रात्री झोपलो नाई. तवाच ठरवलं, आता डाग मीच देईन."

"मले काऊन नाई सांगतलं?"

भाऊंनी आपल्या बाजूची पट्टी अडकवली आणि बोल्टला पाना लावला. बाहेर शेठ चप्पल वाजवत फेऱ्या घालत होते. वहिनी तीन महिन्यांपूर्वी बाळंत झाली होती. लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर भाऊंना पहिली मुलगी झाली होती, आणि कामावरून आले की अंघोळ करून ते आधी तिला उचलत. तिच्या टाळूवर नाक टेकवून ते किती वेळ बसतात, म्हणून आम्ही घरातले सगळे त्यांना हसायचो.

"एक विचारू?" भाऊ म्हणाले. "बाया म्हणतात, लेकराच्या डोक्याले वास रायते. कसा येते तिचा?"

मी सगळ्या जगाला तोंडावर उत्तर देणारा माणूस. हे एक उत्तर मात्र हळूच दिलं.

"दुधाचा येते, भाऊ," मी म्हणालो. "न् थोडा धुरीचा."

"दुधाचा," ते म्हणाले.

त्यांच्या बाजूचा बोल्ट अजून ढिलाच होता. मी हात लांब करून तो आवळला.